किंडल अनलिमिटेड: लेखकाच्या बाजूने रिव्ह्यू, मराठीत स्वतः पुस्तक काढणाऱ्यांसाठी

ॲमेझॉनच्या किंडल अनलिमिटेडबद्दल वाचकांच्या बाजूने लोक पुष्कळ बोलतात, महिन्याला इतके रुपये भरा, हवी तेवढी पुस्तकं वाचा, परवडतं की नाही वगैरे. पण ज्याचं पुस्तक तुम्ही तिथे वाचता त्या माणसाला नेमकं काय मिळतं हे आकड्यांसकट सांगणारं मराठीत फार कमी सापडतं, आणि कोणी नवीन लेखक विचारायला गेला की त्याला एकतर "भारी आहे, टाकून दे" असं ऐकायला मिळतं नाहीतर "सगळी लूट आहे, पडू नकोस". दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. मी रहस्यकथा लिहिते, स्वतःच ई-बुक तयार करून स्वतःच अपलोड करते, माझी मालिका तिथे आहे आणि मावशीचा कवितासंग्रह तिथे टाकायचा की नाही हा निर्णयही माझ्याकडेच आला होता, त्यामुळे दोन्ही टोकं बघून झालीत. माझं मत आधीच सांगून टाकते. लांब गोष्ट असेल, कादंबरी असेल, एकापुढे एक भाग असतील तर बिनधास्त टाका. कविता, छोटे ललित लेख, आधी नेटवर छापून आलेलं काही असेल तर टाकू नका. का ते खाली सांगते.

आधी हे चालतं कसं ते बघू, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. किंडल अनलिमिटेड हे वाचकाचं नाव झालं. लेखक त्यात थेट शिरत नाही, लेखक केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वतः पुस्तक काढण्याच्या व्यवस्थेवर, पुस्तक टाकतो आणि मग केडीपी सिलेक्ट नावाच्या योजनेत ते पुस्तक नोंदवतो, नोंदणी ९० दिवसांची असते, आणि तेवढे दिवस ते ई-बुक किंडल सोडून दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही अशी अट असते. नोंदवलं की ते पुस्तक सबस्क्रिप्शनवाल्यांना उघडं होतं, शिवाय ज्याला विकत घ्यायचंय तो विकतही घेऊ शकतोच. भारतात ही सेवा २०१५ च्या सप्टेंबरमध्ये आली, तेव्हा महिन्याला १९९ रुपये होते, नंतर १६९ झाले. मराठी पुस्तकं किंडलवर अधिकृतपणे आली २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. म्हणजे आपल्याकडे हे सगळं तसं नवीनच आहे.

पैसे कसे मिळतात? पुस्तक कोणी "घेतलं" म्हणून नाही, पान वाचलं म्हणून. वाचकाने तुमचं पुस्तक उचललं आणि कधी उघडलंच नाही तर शून्य. तीस पानं वाचून सोडलं तर तीस पानांचे. आणि हे पान म्हणजे तुमच्या वर्ड फाइलमधलं पान नाही, कंपनी स्वतःच्या एका ठरलेल्या मापाने प्रत्येक पुस्तकाची पानं मोजते, त्याला केईएनपीसी म्हणतात. त्यामुळे फॉन्ट मोठा करून, ओळींमध्ये जागा सोडून पानं वाढवता येत नाहीत, ज्यांना वाटतं येतील त्यांनी वेळ घालवू नये. एक वाचक, एक पुस्तक, पहिल्यांदा वाचलेलं तेवढंच धरतात, तोच वाचक पुन्हा वाचायला लागला तर त्याचे काही मिळत नाहीत. फोनवर किंडल ॲपमध्ये वाचलेलं पण धरलं जातं, वेगळं यंत्र लागतं असं नाही, आणि आपले बहुतेक वाचक फोनवरच वाचतात.

हे असं का झालं त्याला इतिहास आहे आणि तो माहीत असलेला बरा. अमेरिकेत ही सेवा २०१४ च्या जुलैत सुरू झाली तेव्हा हिशोब वेगळा होता, वाचकाने पुस्तकाचा दहा टक्के भाग ओलांडला की लेखकाला एक ठरावीक रक्कम, मग पुस्तक वीस पानांचं असो की पाचशे. याचा परिणाम सरळ होता, लोकांनी छोट्या छोट्या पुस्तिका काढायला सुरुवात केली, एकेक कादंबरी तोडून सहा-सात तुकडे केले, कारण वीस पानांच्या पुस्तिकेत दहा टक्के म्हणजे दोनच पानं, उघडलं की झालं. आणि ज्यांनी मोठ्या कादंबऱ्या लिहिल्या त्यांना मात्र तेवढेच पैसे. मग १ जुलै २०१५ पासून पानांवर हिशोब आला. त्यावरही लबाडी झालीच, काहींनी पुस्तकाच्या सुरुवातीला "शेवटी बक्षीस आहे, इथे दाबा" अशी लिंक टाकली आणि वाचक शेवटच्या पानावर उडी मारून गेला की मधली हजारो पानं वाचलेली धरली जायची. त्यातून मग एका पुस्तकाला एका वाचकामागे ३००० पानांची मर्यादा आली. ही सगळी भानगड आपल्याला लांबची वाटते पण आजचे सगळे कडक नियम त्यातूनच आलेत, म्हणून फेसबुकवर कोणी "तुमची पानं वाढवून देतो, इतके रुपये द्या" म्हणालं तर अजिबात ऐकू नका. खोटं वाचन पकडलं गेलं की पानं कापतात आणि खातंच बंद होऊ शकतं, आणि खातं एकदा बंद झालं की दुसरं काढायला परवानगी नसते, म्हणजे तुमची सगळी पुस्तकं एकदम गेली.

आता दर. दर आधी माहीत नसतो हे सगळ्यात विचित्र वाटतं सुरुवातीला. कंपनी दर महिन्याला एक निधी जाहीर करते, त्याला ग्लोबल फंड म्हणतात, त्या महिन्यात सगळ्यांची मिळून जेवढी पानं वाचली गेली त्यात तो वाटला जातो, आणि प्रत्येक देशाचा दर वेगळा पडतो. २०१४ च्या जुलैमध्ये हा निधी तीस लाख डॉलरच्याही आत होता, आता महिन्याला ५ कोटी डॉलरच्या वर असतो. ऐकायला प्रचंड वाटतं, पण एका पानाचा दर वाढलेला नाही, उलट उतरलाय. पानांचा हिशोब सुरू झाला त्या पहिल्या महिन्यात अमेरिकेत पानाला ०.५७७ सेंट मिळाले होते, आता अर्ध्या सेंटच्याही खाली, साधारण ०.४ ते ०.४५ च्या घरात असतं. कारण निधी वाढला तशी पुस्तकं पण वाढली, वाचलेली पानंही वाढली. त्यात आता एआयने लिहिलेल्या पुस्तकांचा लोंढा, २०२३ मध्ये कंपनीला नियम करावा लागला की एका खात्यावरून दिवसाला तीनपेक्षा जास्त नवीन पुस्तकं टाकायची नाहीत. दिवसाला तीन! जो माणूस दोन वर्षं एका कादंबरीवर बसतो त्याने त्याच निधीतून आपला वाटा घ्यायचाय. याचा मला खरंच राग येतो आणि यावर कंपनीने जास्त कडक व्हायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

भारताचा दर एका पानाला दहा पैशांच्या आगेमागे असतो. दहा पैसे वाचून लगेच नाक मुरडू नका, हिशोब करून बघू.

समजा तुमची कादंबरी केईएनपीसीने २५० पानांची आहे. एका भारतीय वाचकाने पूर्ण वाचली तर २५ रुपये. तीच कादंबरी तुम्ही १०० रुपये किमतीला विकत ठेवलीये, आणि कोणी ती विकत घेतली, तर ७० टक्के रॉयल्टीत फाइल पाठवण्याचा खर्च कापून, तो भारतात एमबीला ७ रुपये असतो, टॅक्सचा भाग सोडला तर पासष्ट-सहासष्ट रुपये मिळतात. म्हणजे एक विक्री अडीच पूर्ण वाचनांपेक्षा थोडी जास्तच. पण इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात, भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मिळतात ते पुस्तक सिलेक्टमध्ये असेल तरच. नसेल तर ३५ टक्के. अमेरिका, ब्रिटनला अशी अट नाही, भारताला आहे. तेव्हा सिलेक्टमधून बाहेर पडलात तर तीच विक्री ३५ रुपयांची होते. मग २५ रुपयांचं वाचन आणि ३५ रुपयांची विक्री यात फारसा फरक उरत नाही, आणि अनोळखी लेखकाचं पुस्तक १०० रुपये देऊन घेणारे किती आणि सबस्क्रिप्शनमध्ये आहेच तर बघू म्हणून उघडणारे किती, हे तुम्हीच सांगा.

आता तोच हिशोब कवितासंग्रहाचा. साठ केईएनपीसीचा संग्रह, शेवटपर्यंत वाचला तरी सहा रुपये. आणि कविता कोण अशी सलग शेवटपर्यंत वाचतं? कविता आवडली की माणूस तिथेच थांबतो, परत तीच वाचतो, चार दिवसांनी परत उघडतो, आणि पुन्हा वाचलेलं पान तर मोजलंच जात नाही. म्हणजे ज्या वाङ्मयाचा जीवच पुन्हा पुन्हा वाचण्यात आहे त्याला ही पद्धत सगळ्यात कमी देते. मावशीला मी हेच सांगितलं की तुझी कविता पानावर मोजायची गोष्ट नाही, आपण छापील काढू आणि ई-बुक नुसतं विकायला ठेवू, सगळीकडे. तिने ऐकलं. तिच्या संग्रहाच्या छापील प्रती भिशीतल्या, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींनी घेतल्या, तिच्या सहीसकट, आणि ते सबस्क्रिप्शनमधून कधीच झालं नसतं.

यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे जी मला केडीपीवरचा रिपोर्ट देशवार बघायला लागल्यावर कळली. परदेशातला मराठी वाचक. तुमचं पुस्तक सिलेक्टमध्ये नोंदवलं आणि सगळ्या जगाचे हक्क दिले की ते अमेरिकेतल्या सबस्क्रिप्शनवाल्यालाही दिसतं, आणि तो वाचतो ती पानं अमेरिकेच्या दराने मोजली जातात. २५० पानं गुणिले ०.४५ सेंट, म्हणजे डॉलरच्या वर थोडं. टॅक्स कापून सुद्धा ऐंशी रुपयांच्या आसपास. एक अमेरिकेतला वाचक, भारतातल्या तीन वाचकांएवढा! न्यू जर्सीत, बे एरियात, ह्यूस्टनमध्ये जी मराठी माणसं आहेत त्यांना छापील पुस्तक मागवायचं तर पोस्टेज पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त पडतं, तिथल्या महाराष्ट्र मंडळांची ग्रंथालयं असतात पण त्यात नवीन लेखक पोचायला वेळ लागतो, त्यामुळे त्यांच्यासाठी हा खरोखर सोयीचा रस्ता आहे. म्हणून पुस्तकाचं वर्णन लिहिताना इंग्रजी अक्षरातही नाव आणि दोन ओळी टाकत जा, तिकडचे बरेच जण देवनागरीत टाइप करून शोधत नाहीत. आणि हो, तुमच्या चुलतभावाला, मैत्रिणीला जी तिकडे आहे तिला सांगा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकायला, लाजू नका.

टॅक्सवरून आठवलं. खातं उघडताना जी टॅक्सची प्रश्नावली येते ती घाईत भरू नका. तिथे पॅन नंबर देऊन भारत-अमेरिका करारातला फायदा मागितला तर अमेरिकेतल्या कमाईवर १५ टक्के कापतात, नाही मागितला तर ३० टक्के. एवढ्याशा गोष्टीत अर्धा फरक आहे. भारतातल्या कमाईवर हा अमेरिकेचा टॅक्स लागत नाही. पैसे महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी बँकेत येतात, जूनमध्ये वाचलेल्या पानांचा दर जुलैच्या मध्याला कळतो आणि पैसे ऑगस्टच्या शेवटी. प्रत्येक देशाचे वेगवेगळे येतात. सुरुवातीला बँकेच्या मेसेजमध्ये कुठून तरी चौदा रुपये, कुठून तरी नव्वद रुपये असं दिसतं, ते हेच असतं.

आता अटीबद्दल, कारण मराठी लेखकाची खरी अडचण इथे आहे आणि इंग्रजीत लिहिलेले सल्ले वाचून ती कळत नाही. एक्सक्लुझिव्ह म्हणजे ई-बुक फक्त किंडलवर. छापील पुस्तकाला बंधन नाही, ऑडिओला बंधन नाही, फक्त डिजिटल मजकुराला. पण मराठीत आपण पुस्तक एकदम पुस्तक म्हणून लिहितो कुठे? निम्मं लिखाण आधी कुठेतरी आलेलं असतं. दिवाळी अंकात कथा आली, अंक छापील असेल तर काहीच प्रश्न नाही, पण हल्ली बहुतेक अंकांची डिजिटल आवृत्ती निघते, कुणाची बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या साइटवर असते, कुणी पीडीएफ करून वाटतं, आणि तुमच्या कथासंग्रहातल्या आठ कथांपैकी चार अशा डिजिटल अंकांत असतील तर तुम्ही ती अट मोडताय. नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत मजकूर बाहेर ठेवायला चालतो, त्याच्यावर नाही. ब्लॉगवरचे लेख गोळा करून केलेलं पुस्तक असेल तर ब्लॉगवरून ते लेख काढावे लागतात. प्रतिलिपी या कथा वाचायच्या ॲपवर कादंबरी भागाभागाने टाकली असेल तर ती तिथून काढल्याशिवाय सिलेक्टमध्ये टाकता येत नाही. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या ठिकाणी तुम्ही हौसेने फुकट पीडीएफ दिली असेल, त्यांचं काम फार चांगलं आहे आणि खूप लोकांपर्यंत पुस्तकं पोचवलीत त्यांनी, पण मग तेच पुस्तक सिलेक्टमध्ये नको, कारण अशी पीडीएफ एकदा व्हॉट्सॲपवर फिरायला लागली की ती परत गोळा करता येत नाही.

आणि टेलिग्रामवर चोरून टाकलेल्या फाइलींचं काय? तुमचं पुस्तक कोणी उचलून टाकलं आणि ते नेटवर सापडलं तर कंपनीकडून ई-मेल येऊ शकते की हा मजकूर दुसरीकडे दिसतोय, खुलासा करा. घाबरून जाऊ नका पण दुर्लक्षही करू नका, दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, कुठे सापडलं ते स्क्रीनशॉटसकट सांगा, काढायला सांगितलंय हे दाखवा. केडीपीचा ई-मेल आयडी रोज बघायची सवय ठेवा, एवढ्या एका कारणासाठी.

नव्वद दिवस संपले की नोंदणी आपोआप पुढे सरकते, नको असेल तर त्या आपोआप नोंदणीची खूण तुम्हाला स्वतः काढावी लागते. मी मालिकेतल्या पुस्तकांची खूण ठेवलीये, बाकीच्यांची काढलीये. बाहेर पडल्यावरही ज्या वाचकांनी आधी पुस्तक उचलून ठेवलंय ते पुढे कधी वाचतील त्यांची पानं मिळत राहतात, ही चांगली गोष्ट आहे. वाचकाला एका वेळी वीस पुस्तकं ठेवता येतात, त्यामुळे पुस्तक महिनोन्महिने पडून राहतं आणि मग एखाद्या सुट्टीत अचानक वाचलं जातं, तुमच्या ग्राफमध्ये एका रात्रीत अडीचशे पानांचा खांब उभा दिसतो. तो खांब बघणं म्हणजे काय असतं हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. कोणीतरी, कुठेतरी, सुरुवात केली आणि खाली ठेवलंच नाही.

हा रिपोर्टच मला या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, पैशांपेक्षाही. छापील पुस्तकाच्या बाबतीत आवृत्ती संपली असं प्रकाशक सांगतो पण वाचलं किती जणांनी हे कोणाला माहीत असतं? इथे नाव कळत नाही, कुठल्या पानावर कोण थांबलं हे पण कळत नाही, पण एकूण पानांवरून अंदाज बांधता येतो. माझ्या मालिकेतल्या पहिल्या भागाची पानं आणि दुसऱ्या भागाची पानं शेजारी शेजारी ठेवली की पहिला वाचणाऱ्यांपैकी साधारण किती जण दुसऱ्याकडे जातात ते दिसतं. आणि मालिकेतला खरा फायदा इथेच आहे. २५० पानांचे तीन भाग असतील आणि वाचक तिन्ही वाचून गेला तर भारतीय वाचकाचे ७५ रुपये, जे एका विक्रीपेक्षा जास्त झाले, आणि त्या वाचकाला पुढचा भाग उघडताना खिशात हात घालावा लागला नाही म्हणून तो थांबला नाही. तिसरा भाग आला की पहिल्याची पानं पण परत वाढतात. म्हणून मी प्रत्येक भागाच्या शेवटी पुढच्या भागाचं पहिलं प्रकरण आणि लिंक ठेवते. शिवाय सबस्क्रिप्शनमधून उचललेलं पुस्तकही क्रमवारीत धरतात, त्यामुळे मराठीच्या यादीत पुस्तक वर चढतं आणि विकत घेणाऱ्यांनाही दिसायला लागतं. नव्वद दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं, ते दिवस एकटं पुस्तक असताना वापरण्यात अर्थ नाही, दुसरा भाग आला की पहिला फुकट ठेवा.

पुस्तक तयार करण्याबद्दल थोडक्यात. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधली फाइल असेल, श्रीलिपी वगैरे, तर ती युनिकोडमध्ये आणावी लागते, आणि ते करून देणारे पुष्कळ आहेत पण रूपांतर झाल्यावर रफार, जोडाक्षरं, ऱ्य आणि ऱ्ह, चंद्रकोर हे डोळ्यांत तेल घालून तपासा, पूर्ण पुस्तक, फोनवर उघडून. चुकीच्या रफारावर वाचक थांबतो आणि इथे वाचक थांबला की पैसे थांबतात. ई-बुकला आयएसबीएन लागत नाही. आणि "ई-बुक करून किंडलवर टाकून देतो" म्हणत मोठी पॅकेजं विकणाऱ्यांपासून सांभाळा, माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांकडून अशाच एकाने भरपूर पैसे घेतले आणि पुस्तक स्वतःच्या खात्यावरून टाकलं, आता सरांना रिपोर्टच दिसत नाही. खातं तुमच्या नावाचं, तुमच्या पॅनचं, तुमच्या बँकेचं, यात तडजोड नाही.

दुसरे पर्याय पण बघा. प्रतिलिपी, बंगळुरूची कंपनी, २०१४ ची, तिथे मराठी वाचक प्रचंड आहेत आणि भागाभागाने लिहिणाऱ्याला रोज प्रतिक्रिया मिळतात, जी किंडलवर जवळपास नसतेच. प्रीमियम सबस्क्रिप्शन, स्टिकर यातून तिथेही कमाई होते, पण त्यासाठी सतत लिहीत राहावं लागतं, आणि वाचकाची अपेक्षा रोजच्या भागाची असते. ज्याला कौटुंबिक, प्रेमकथा लिहायच्यात आणि लिहिण्याचा वेग आहे त्याने आधी तिथे जावं असं मी म्हणेन. पुस्तकं ऐकवणारं स्टोरीटेल २०१७ च्या शेवटी भारतात आलं आणि मराठीला त्यांनी पहिल्यापासून धरलं, गाडी चालवताना, स्वयंपाक करताना ऐकणारा एक नवाच वर्ग तयार झाला, पण तिथे निर्मितीचा खर्च, आवाज, करार असं सगळं असतं, एकट्याने उठून करायचं काम नाही. मात्र सिलेक्टची अट ऑडिओला लागू नसल्यामुळे संधी आली तर दोन्ही करता येतं. बाहेरच्या जगात कोबो प्लस ही अशीच सबस्क्रिप्शन सेवा एक्सक्लुझिव्ह मागत नाही आणि वाचलेल्या मिनिटांवर पैसे देतं, ही पद्धत मला जास्त न्याय्य वाटते.

आणि ही धंद्याची पद्धत मुळात अवघड आहे हे पण लक्षात ठेवा. ऑयस्टर नावाची अशीच वर्गणीवाली सेवा २०१३ ला आली आणि २०१५ ला बंद करत असल्याचं जाहीर झालं. स्क्रिब्ड या अशाच दुसऱ्या सेवेने २०१५ मध्ये प्रेमकथांची बरीच पुस्तकं काढून टाकली, कारण ते वाचक इतकं वाचत होते की लेखक-प्रकाशकांना द्यायचे पैसे वर्गणीत भागेनात. ठरावीक वर्गणी आणि हवं तेवढं वाचन, यात जो जास्त वाचतो तोच कंपनीला महाग पडतो. किंडलवाल्यांनी निधीची रक्कम स्वतः ठरवून ती जोखीम स्वतःकडे ठेवली नाही, ती लेखकांवर टाकली. वाचन वाढलं तर पानाचा दर उतरतो, एवढंच. हे मला पटत नाही, आणि ज्या सेवेत लेखकाला आपल्या मालाचा भाव विकून झाल्यावर कळतो तिला मी पाचापैकी साडेतीनच्या वर देऊ शकत नाही.

पण तीनच्या खालीही देणार नाही, कारण आपल्याकडच्या वाचनालयाचं उदाहरण माझ्यासमोर आहे. आमच्या गावच्या लायब्ररीत रहस्यकथांची पुस्तकं शिवण सुटेपर्यंत फिरायची, एकेक प्रत शंभर-दोनशे घरांत जायची, वर्गणी लायब्ररीला मिळायची आणि लेखकाला त्या एका प्रतीची रॉयल्टी, तीही प्रकाशकाने दिली तर. ब्रिटनसारख्या देशात ग्रंथालयातल्या वाचनाचे पैसे लेखकाला सरकारकडून मिळतात, आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणजे भाड्याने वाचल्या जाणाऱ्या मराठी पुस्तकाच्या प्रत्येक वाचनामागे लेखकाला काहीतरी मिळणं ही गोष्टच आपल्यासाठी नवी आहे. दहा पैसे कमी आहेत, वाढलेच पाहिजेत. पण आधी ते शून्य होते.

त्यामुळे माझा हिशोब सध्या असा आहे. मालिका सिलेक्टमध्येच राहणार. सुटा कथासंग्रह, ज्यातल्या कथा दिवाळी अंकांत येऊन गेल्यात, तो बुकगंगावर आणि किंडलवर नुसता विक्रीला, ३५ टक्के मिळाले तरी चालतील. मावशीच्या कविता कुठल्याच सबस्क्रिप्शनमध्ये नाहीत. नवीन कादंबरी असेल तर पहिले ९० दिवस टाकून बघा, रिपोर्ट देशवार बघा, पानं येत नसतील तर खूण काढा आणि बाहेर पडा, अडकून राहायला काही कारण नाही.

आणि वाचकांना एक विनंती. फोन ऑफलाइन ठेवून पुस्तक वाचत असाल, गावाला, प्रवासात, तर वाचून झाल्यावर एकदा नेट चालू करून ॲप उघडा आणि सिंक होऊ द्या. तोवर तुम्ही वाचलेली पानं लेखकाच्या खात्यात जमा होत नाहीत.